पालवणकर बाळू : संघातला माणूस, पंगतीबाहेरचा माणूस

भारतीय क्रिकेटमधील पहिले थोर गोलंदाज म्हणून पालवणकर बाळू यांचे नाव घेतले जाते. इ. स. १८७६ मध्ये चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने गोऱ्यांचा वंशभेद आणि स्वकीयांचा जातिभेद हे दोन्ही एकाच आयुष्यात, बहुधा एकाच मैदानावर अनुभवले. म्हणूनच आपल्या शाळेच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र सांगावे असे आम्हांस वाटले. पुढे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली, हेही आम्हांस ठाऊक आहे. त्या कारणाने आपल्या समाजात त्यांचे नाव काहीसे मागे पडले. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने आवडत्या माणसांचीच चरित्रे वाचावीत असा नियम नाही.

बाळूंचे घराणे मूळचे कोकणातले. वडील सैन्यात नोकरीला असल्याने कुटुंब पुण्याच्या लष्करी छावणीत, म्हणजे आपल्या चिंचवडपासून काही कोसांवर, येऊन राहिले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले. घरची परिस्थिती बेताची असल्याने शाळा लवकर सुटली. पुण्यातील पारशी क्लबाच्या मैदानावर झाडलोट करणे व रोलर फिरवणे या कामी बाळूंना महिना ३ रुपयांची नोकरी मिळाली. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागले. खेळपट्टी तयार करणे, जाळी लावणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम होते.

या क्लबात त्यांची डावखुरी फिरकी घडली. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज सरावासाठी इतरांच्या आधी येत आणि बाळूंकडून चेंडू टाकून घेत. बाळूंनी त्यांना बाद केले की ते दर वेळी आठ आणे बक्षीस देत, अशी आठवण सांगितली जाते. साहेबांना शेकडो तास गोलंदाजी करूनही बाळूंना तेथे फलंदाजीची संधी मात्र मिळाली नाही. घाम गाळून चेंडू टाकणे हे नोकराचे काम आणि बॅट धरणे हा साहेबाचा मान, अशी ती वाटणी होती. वंशभेदाचे हे रूप आपण नीट ओळखले पाहिजे. त्यात शिवीगाळ नव्हती, मारहाण नव्हती. उलट कौतुक होते, बक्षीसही होते. फक्त कोणी कोठवर यायचे याची रेषा आधीच आखलेली होती.

पुण्यातील हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांशी सामना खेळायचा होता. जिंकायचे तर बाळू हवे होते, आणि बाळू अस्पृश्य होते. काही तेलुगुभाषक सभासदांचा त्यांना घेण्याकडे कल होता. काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अशा गोलंदाजाला बाहेर ठेवणे हा मूर्खपणा ठरेल, असे मत ग्रेग यांनीच जाहीर केल्यावर पारडे फिरले आणि बाळू संघात आले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेलाच चेंडू हातात घेत. चहापानाची वेळ झाली की मात्र बाळूंना पॅव्हिलियनच्या बाहेर मातीच्या वेगळ्या पेल्यातून चहा मिळे. त्यांचे जेवण वेगळे, ताट वेगळे. तोंड धुवायचे झाल्यास मैदानाच्या कोपऱ्यात जावे लागे आणि तेथे एखादा अस्पृश्य नोकर त्यांना पाणी आणून देई. चेंडूला विटाळ लागत नव्हता, कारण चेंडूवाचून विजय नव्हता. पेल्याला विटाळ लागत होता, कारण पेला सामायिक केल्याने कोणाचा काही लाभ व्हायचा नव्हता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या सुधारकाने त्यांचा जाहीर सन्मान केला आणि जो माणूस खेळायला चालतो तो पंगतीलाही चालला पाहिजे, असा आग्रह धरला, ही गोष्टही येथे नोंदवली पाहिजे.

जातिभेद आणि वंशभेद एकच आहेत काय, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. जात ही वंशाची विभागणी आहे हा सिद्धान्त बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनाच्या ग्रंथात अमान्य केला आहे. पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण एका वंशाचे नाहीत, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. परंतु दोन्ही अन्यायांचे नाते त्यांनी ओळखले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा त्यांनी अभ्यास केला होता. १९४६ मध्ये तेथील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची त्यांनी चौकशी केली होती. बाळूंच्या चरित्रात हे नाते प्रत्यक्ष दिसते. साहेबाचा क्लब कातडीचा रंग पाहत होता आणि हिंदूंचा क्लब जन्म पाहत होता. दोघांनाही बाळूंचा डावा हात मात्र हवा होता.

१८९६ नंतर पुण्यात प्लेगने थैमान घातले आणि बाळू मुंबईला गेले. तेथे ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. येथेही आधी विरोध झाला, पण पुण्यात मैदानापुरते मिळालेले स्थान मुंबईत हळूहळू पंगतीपर्यंत पोचले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाची युरोपियनांशी गाजलेली लढत झाली. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियन १९१ आणि १०२ धावांत बाद झाले. हिंदूंनी सामना १०९ धावांनी जिंकला आणि त्यात बाळूंनी ८ गडी बाद केले. स्वदेशी चळवळीच्या त्या दिवसांत देशभर आनंद झाला. आपल्याला श्रेष्ठ मानणारा राज्यकर्ता हरू शकतो, हे लोकांनी पाहिले. तो विजय मिळवून देणाऱ्यांत आपण ज्यांना कनिष्ठ मानतो ते दोन भाऊ होते, हेही काही विचारी लोकांनी पाहिले व तसे लिहिले.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. दौऱ्यात संघाचे पराभव अधिक झाले, परंतु पस्तिशीतल्या बाळूंनी एकट्यांनी ११४ बळी घेतले. इंग्लंडच्या जाणकारांनी त्यांची गणना उत्तम गोलंदाजांत केली. मुंबईत परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळी एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणारे तरुण भीमराव आंबेडकर यांना या पराक्रमाचा मोठा अभिमान होता.

आता उरली होती शेवटची पायरी, ती कर्णधारपदाची. अनुभव, वय आणि कर्तृत्व या तिन्ही बाबतींत बाळू ज्येष्ठ होते. तरी वर्षामागून वर्षे हिंदू संघाचे कर्णधारपद सवर्ण खेळाडूकडेच गेले. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी हा मान खरे तर बाळूंचा होता, असे आपल्याच सत्कारप्रसंगी सांगितले. अस्पृश्याच्या हातचा चेंडू चालला, पुढे पाणीही चालले. पण त्याची आज्ञा ऐकायची म्हणजे जातीच्या उतरंडीची कोनशिलाच हलवायची होती. क्रिकेटच्या जागतिक इतिहासातही हेच दिसते. वेस्ट इंडिजच्या संघाचा कणा कृष्णवर्णीय खेळाडू होते. तरी संपूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कर्णधार म्हणून फ्रँक वॉरेल यांची निवड व्हायला १९६० साल उजाडावे लागले.

१९२० च्या स्पर्धेत बाळूंना प्रारंभी संघातून वगळण्यात आले आणि पै आजारी असताना बाळूंचे बंधू विठ्ठल यांचा ज्येष्ठत्वाचा हक्कही डावलला गेला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि तिचे कारण जाहीर केले. जनमत ढवळून निघाले. अंतिम सामन्यात दोघे भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाले, आणि पै यांनी काही काळ मैदानाबाहेर जाऊन नेतृत्व त्यांच्या हाती दिले. बाळूंना मिळालेला कर्णधारपदाचा मान एवढाच. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल यांची रीतसर कर्णधारपदी निवड झाली आणि त्याच वर्षी हिंदू संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी आपल्या आठवणी ‘माझे क्रीडा-जीवन’ या मराठी पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत.

खेळ सोडल्यानंतरचे बाळू आपल्यासाठी अवघड आहेत. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाचा प्रश्न आला, तेव्हा ते एम. सी. राजा यांच्याबरोबर संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांच्या सहीप्रमाणे बाळूंचीही सही आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाळू सुमारे २ हजार मतांनी पराभूत झाले. एकेकाळी ज्याचा अभिमान बाळगला त्याच माणसाशी बाबासाहेबांना लढावे लागले.

बाळूंनी हा मार्ग का धरला असावा? त्यांच्या आयुष्यात प्रत्येक दार आतून कोणीतरी उघडले होते. ग्रेग बोलले, रानडे बोलले, पै बाजूला झाले. ज्याला अशी भली माणसे भेटली, त्याचा हृदयपरिवर्तनावर विश्वास बसावा हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच चरित्राकडे बाबासाहेबांच्या दृष्टीने पाहिले की दुसरी गोष्ट ध्यानी येते. कडी दर वेळी आतल्यांच्याच हातात होती. मन बदलले तर दार उघडे, मन फिरले तर दार बंद. देशातील सर्वोत्कृष्ट गोलंदाजाची जर ही स्थिती, तर ज्याच्या डाव्या हातात जादू नाही अशा सामान्य माणसाने काय करावे? गुणाच्या बळावर एखादा आत जाईल. सर्वांना आत जाण्यासाठी हक्क लागतो. बाबासाहेबांनी तो हक्क संविधानात लिहिला. कलम १५ ने वंश आणि जात या दोन्ही कारणांवरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई केली आणि कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पालवणकर घराण्याच्या इतिहासातही हाच धडा आहे. विनवणीने जे वर्षानुवर्षे मिळाले नाही, ते १९२० मध्ये दोन भावांनी नकार दिल्यावर हलू लागले.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या जवळच्या देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्यानंतर काही महिन्यांनी, जुलै १९५५ मध्ये, मुंबईत बाळूंचे निधन झाले. एकाने आहे त्या घरात सन्मानाची जागा मिळेल अशी आशा धरली. दुसऱ्याने ते घरच सोडून समतेचा धम्म स्वीकारला. कोणता मार्ग आपला, हे येथे सांगण्याची गरज नाही. मात्र बाळूंना गद्दार म्हणून मोकळे होणे हाही न्याय नव्हे. ज्या माणसाने मातीच्या पेल्यातून चहा पिऊन साहेबांना हरवले, त्याच्याशी आपला मतभेद असू शकतो. त्याचा अनादर करणे आपल्याला शोभणार नाही.

पिंपरी, चिंचवड आणि चाकण येथील कारखान्यांनी आपल्या पिढ्यांना काम दिले. हाताला काम मिळाले. पण भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारले गेले, हा अनुभव अनेक पालकांचा आहे. तो जुना चेंडू आणि तो जुना पेला अजून गेलेले नाहीत. आपल्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवतो की जेथे नोकरी कराल, राहाल, तेथे तीन गोष्टी पाहा : काम कोणाकडून घेतले जाते, डबा कोण कोणाबरोबर खातो आणि निर्णय कोण घेतो. तिन्ही ठिकाणी तीच ती माणसे वगळलेली दिसली तर ते नोंदवा, बोला, आणि एकटे बोलू नका.

त्याच वेळी स्वतःकडेही पाहा. ईशान्येकडून आलेल्या सहकाऱ्याच्या डोळ्यांवरून, आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलाच्या रंगावरून, बिहारहून आलेल्या कामगाराच्या भाषेवरून आपल्यापैकी कोणी हसत असेल, तर त्याने मातीचा तो पेला स्वतःच्या हाताने दुसऱ्यापुढे ठेवला आहे. ज्यांच्या पूर्वजांना पाणी वेगळे मिळाले, त्यांच्या घरात कोणासाठीही वेगळे भांडे असता कामा नये.