पेटीवर फिरणारे हात आणि कंपवात : पुलंच्या आजाराची गोष्ट

अंधेरीहून बोरिवलीकडे जाणारी स्लो लोकल पकडली की पुढचंच स्टेशन जोगेश्वरी. तिथल्या सरस्वतीबागेत शंभर वर्षांपूर्वी एक मुलगा वाढत होता. पुढे घर पार्ल्याला हललं. शाळा पार्ले टिळक विद्यालय, कॉलेज पुन्हा जोगेश्वरीचं इस्माईल युसुफ. नाव पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, म्हणजे आपले पुलं.

पुलंचा एखादा तरी किस्सा रोज कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतोच. पण ते कशाने गेले असं विचारलं तर बरेचजण अडखळतात. त्यांना पार्किन्सन्स होता. जुनी माणसं ज्याला कंपवात म्हणतात, तोच.

८ नोव्हेंबर १९१९ चा जन्म. लेखक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांचं निम्मं काम कागदाबाहेरचं. वसंतराव देशपांड्यांसारख्या गवयाला पेटीची साथ करायची. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’त कथा, संगीत, दिग्दर्शन आणि वर मुख्य भूमिकाही स्वतःच करायची. ‘बटाट्याची चाळ’मध्ये तर स्टेजवर माणूस एकच, आणि अख्खी चाळ त्याच्या चेहऱ्यावर, हातवाऱ्यांत आणि आवाजात.

म्हणूनच हा आजार नेमकं काय काढून घेतो हे कळल्यावर जीव हळहळतो.

मेंदूच्या खालच्या भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्या डोपामाइन नावाचं रसायन बनवतात. हालचाल कधी सुरू करायची, किती करायची, कधी थांबवायची, हे ठरवायला मेंदूला ते लागतं. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात. गंमत म्हणा की दुर्दैव, बऱ्याच पेशी संपेपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही. मग एक दिवस मांडीवर निवांत ठेवलेला हात आपोआप थरथरायला लागतो, सेकंदाला चार ते सहा वेळा. अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखी फिरत राहतात. कप उचलायला हात पुढे केला की ही थरथर बऱ्याचदा कमी होते. उलट कप उचलतानाच हात कापत असेल, तर कारण वेगळं असू शकतं.

पण नुसती थरथर म्हणजे पार्किन्सन्स नाही. काही रुग्णांना ती नसतेच. अक्षर बारीक होत जातं, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, आवाज बसतो, पाऊल उचलत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. आणि तपासणी वर्षभर लांबते.

पुलंच्या ‘तुझे आहे तुजपाशी’ची आणि या आजारावरच्या एका शोधाची तारीख एकच आहे, १९५७. त्या वर्षी स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. हे औषध आपल्या सर्पगंधेतून मिळतं. ससे दगडासारखे निपचित पडले. मग त्यांना लेवोडोपा दिलं आणि ते उठून हिंडायला लागले. लेवोडोपापासून मेंदू डोपामाइन बनवतो. साठच्या दशकात हे औषध माणसांसाठी आलं आणि आजही तेच मुख्य आहे. मरणाऱ्या पेशी ते वाचवत नाही. काही वर्षांनी त्याच्यामुळेच हातपाय वेडेवाकडे हलायला लागतात, हा वेगळा ताप.

पुलंना पद्मभूषण मिळालं १९९० साली, पहिला महाराष्ट्र भूषण १९९६ साली. शेवटची वर्षं पुण्यात गेली, व्हीलचेअरवर. अख्ख्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस शांत होत गेला. सोबत सुनीताबाई होत्याच. त्यांचं लग्न झालं होतं १२ जून १९४६ ला. पुलं गेले तो दिवसही १२ जूनच, साल २०००. लग्नाचा चोपन्नावा वाढदिवस होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्लसन यांना नोबेल जाहीर झालं. पुढच्या वर्षी मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी सुरू झाली. तिथे रुग्ण आणि घरचे एकत्र बसतात, व्यायाम करतात, बोलतात. घरात कुणाची सही हल्ली बारीक व्हायला लागली असेल, तर जुनं चेकबुक काढून शेजारी ठेवून बघा. फरक दिसला तर न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घ्या.