मार्टिन राईल

मार्टिन राईल यांचा जन्म इंग्लंडमधील ब्रायटन येथे २७ सप्टेंबर १९१८ रोजी झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण संपताच दुसरे महायुद्ध पेटले आणि त्यांची रडारच्या कामी नेमणूक झाली. युद्ध संपल्यावर लष्कराची निरुपयोगी ठरलेली यंत्रे घेऊन त्यांनी केंब्रिज येथे आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींचा अभ्यास आरंभिला.

१९५५ साली त्यांनी अशा लहरींच्या १९३६ उगमस्थानांची सूची प्रसिद्ध केली. तीत क्षीण स्थाने फार होती. दूरच्या लहरी येथवर पोहोचण्यास अब्जावधी वर्षे लागतात. म्हणून दूरचे आकाश म्हणजे विश्वाचा भूतकाळच होय. त्या काळी विश्व आजच्याहून निराळे होते, असे अनुमान राईल यांनी काढले. परंतु ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांच्या वेधांशी ही सूची जुळेना. शेजारच्या क्षीण लहरी एकमेकींत मिसळून यंत्राची फसगत झाली होती. कित्येक स्थाने खोटी ठरली.

हा आघात मोठा होता. तरी राईल यांनी काम सोडले नाही. अधिक सूक्ष्म वेध घेऊन १९५९ साली त्यांनी ४७१ स्थानांची नवी सूची सिद्ध केली. त्यांतील अनेक स्थाने म्हणजे अतिदूरच्या दीर्घिका होत. पुढील मोजणीने त्यांचे अनुमान खरे ठरले.

लहान थाळ्या दूरदूर मांडून त्यांच्याकडून एका प्रचंड दुर्बिणीचे काम करून घेण्याची युक्तीही त्यांनी सिद्धीस नेली. त्याबद्दल १९७४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १४ ऑक्टोबर १९८४ रोजी ते निवर्तले. चूक उघड झाल्यावरही सत्याचा माग न सोडणारा हा थोर संशोधक होता.