पहिला जामीन

बँकेत असताना कर्जाच्या कागदांवर जामीनदारांच्या सह्या घेण्यात माझी कित्येक वर्षे गेली. दुसऱ्याने जामीन राहावे म्हणून गळ घालणारे पुष्कळ भेटले. स्वतःवर वेळ आली की नेमका चष्मा घरी राहिलेला असे! परळच्या शाखेत बदली झाली, तेव्हा हाफकिन संस्थेवरून माझे रोजचे जाणे-येणे होते. संस्थेला ज्यांचे नाव आहे, ते गृहस्थ मात्र पहिली सही स्वतःची करणारे होते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसातील ज्यू कुटुंबात झाला. झारच्या राज्यात ज्यू संशोधकाला पुढची वाट बंद होती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना आरंभी काम मिळाले तेही ग्रंथालयात. तिथेच त्यांनी पटकीची लस तयार केली. आधी सौम्य लस टोचायची, काही दिवसांनी जहाल. पहिलीने शरीराला रोगाची ओळख व्हावी, दुसरीने ती पक्की व्हावी. १८ जुलै १८९२ रोजी ही लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि माणसे शहर सोडून पळू लागली. सरकारने हाफकिनना बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या संसारात काही महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःवर घेतली. ताप आला, अंग ठणकले. तो त्यांनी सोसला.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जवळपास निम्मे लस घ्यायला पुढे आले. न घेतलेल्यांत आजारी आणि मृत अधिक निघाले, आणि लसीचा गुण दिसला. कोठडीतल्या माणसाचा होकार कितपत मोकळा, हा प्रश्न आज आपण विचारतो, विचारायलाच हवा. पण पुरावा उभा राहिला तो त्या बंदिवानांच्या जिवावर. लस न घेतलेल्यांचाही त्यात वाटा होता.

पुढे आगाखानांनी चारचौघांत लस घेतली, लोकांची भीड चेपली. आणि १९०२ मध्ये पंजाबातील मल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता बाटलीचे बूच काढले गेले होते. ठपका मात्र हाफकिनांवर आला. १९०७ साली ते निर्दोष ठरले, पण उमेदीची वर्षे गेली ती गेलीच. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे ते वारले.

१० जानेवारी २०२२ रोजी आपल्याकडे कोविडची तिसरी मात्रा सुरू झाली. साठी उलटलेला आणि रक्तदाबाचा रोगी म्हणून मीही रांगेत होतो. टोचून झाल्यावर अर्धा तास खुर्चीवर बसवले, तेव्हा ती तारीख आठवली. बरोबर १२५ वर्षे! आपल्या दंडात सुई शिरते, त्याआधी काही अनोळखी माणसांनी परिणाम ठाऊक नसताना ती टोचून घेतलेली असते. आपल्या कर्जाला तेच जामीन राहिलेले असतात, आणि आपण त्यांचे नावही विचारलेले नसते.