गोपाळ देऊसकर

गोपाळ दामोदर देऊसकर (११ सप्टेंबर १९११ – ८ फेब्रुवारी १९९४) हे वास्तववादी शैलीत काम करणारे मराठी चित्रकार होते. व्यक्तिचित्रण हे त्यांचे प्रमुख क्षेत्र होते. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातील बालगंधर्वांची चित्रे आणि टिळक स्मारक मंदिरातील लोकमान्य टिळकांच्या जीवनावरील चित्रे ही त्यांची विशेष परिचित कामे होत.

जीवन

देऊसकरांचा जन्म अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे झाला. घराण्यात कलेची परंपरा होती. त्यांचे काका रामकृष्ण वामन देऊसकर हे नामवंत चित्रकार होते. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यामुळे गोपाळरावांचा सांभाळ हैदराबाद येथे काकांनी केला. पुढे त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतले. त्यानंतर हैदराबादच्या निजामाची शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत गेले. नंतर त्यांनी पुण्यात वास्तव्य केले.

शैली

१८५७ साली स्थापन झालेल्या ज. जी. कलाशाळेत प्रत्यक्ष माणूस समोर बसवून अचूक रेखाटन करणे, छायाप्रकाशातून घनता साधणे आणि तैलरंगात त्वचा, वस्त्र व अलंकार यांचा पोत उतरवणे यांवर भर असे. देऊसकर याच परंपरेतले होते. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला आणि आधुनिकतावादी चित्रकला पुढे आली. त्या काळात व्यक्तिचित्रण हे मागणीनुसार करावयाचे दुय्यम काम मानण्याकडे अनेकांचा कल झाला. देऊसकरांनी मात्र वास्तववादाची कास सोडली नाही.

पुण्यातील कामे

बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी स्वतः बालगंधर्वांच्या, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस यांच्या हस्ते बसली. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले आणि २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, रंगमंदिराचे उद्घाटन झाले. या वास्तूसाठी देऊसकरांनी बालगंधर्वांना पुरुषवेशात आणि स्त्रीभूमिकेत अशा दोन रूपांत चितारले.

हे काम व्यक्तिचित्रकाराची कसोटी पाहणारे होते. स्त्रीभूमिकेतील रूप हे वेशांतर असले, तरी प्रेक्षकांच्या लेखी तेच बालगंधर्वांचे खरे रूप होते. त्यामुळे नायिकेचा डौल, शालू आणि दागिने यांना न्याय देताना चेहऱ्याची ओळख राखणे आवश्यक होते. दोन्ही चित्रांतील व्यक्ती एकच आहे, हे पाहणाऱ्याला पटावे लागणार होते. ज्यांनी बालगंधर्वांना रंगमंचावर कधीच पाहिले नाही, अशा पिढ्यांच्या मनात त्यांची प्रतिमा रुजवण्यात या चित्रांचा मोठा वाटा आहे.

टिळक स्मारक मंदिरातील चित्रांत एका व्यक्तीऐवजी प्रसंग हा विषय आहे. ही दोन्ही कामे कलादालनात नसून नाटके आणि सभा होणाऱ्या वास्तूंत आहेत. त्यामुळे चित्रप्रदर्शनाकडे सहसा न वळणाऱ्या पुणेकरांनाही देऊसकरांची कला परिचित झाली.