गणिताच्या अंध मास्तरांनी जगभरातल्या अंधांसाठी बुद्धिबळाचा पट मांडला

साल 1958. पश्चिम जर्मनीतलं राइनब्राइटबाख नावाचं छोटं गाव. तिथं एक बुद्धिबळ स्पर्धा भरली होती. खेळाडू समोरासमोर बसले होते, पण दोघांच्या मध्ये एक पट नव्हता. प्रत्येकाच्या पुढ्यात स्वतःचा वेगळा पट होता. हातांची बोटं सतत त्या पटावरून फिरत होती आणि प्रत्येक चाल तोंडानं सांगितली जात होती.

ही होती अंधांची पहिली जागतिक वैयक्तिक बुद्धिबळ स्पर्धा. जिंकली 52 वर्षांच्या एका इंग्रज शाळामास्तरांनी. नाव रेजिनाल्ड वॉल्टर बोनहॅम.

अंधांच्या बुद्धिबळात हे नाव आजही पहिलं घेतलं जातं. आणि ते त्या विजेतेपदामुळे नाही. स्पर्धा भरण्याएवढे खेळाडू एकमेकांना सापडले, यामागं त्यांची 20-25 वर्षांची मेहनत होती.

बोनहॅम जन्मले 31 जानेवारी 1906 ला, इंग्लंडमधल्या सेंट नीट्स गावी. नजर अधू. वयाच्या सोळाव्या वर्षी ते वूस्टरच्या अंधांच्या कॉलेजात आले. कॉलेज म्हटलं तरी ही निवासी शाळा. 1866 मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिच्या नावातच 'सद्गृहस्थांच्या अंध मुलांसाठी' असा उल्लेख होता, म्हणजे पोरं खात्यापित्या घरची. अंध माणसाला बुरूड काम आणि ब्रश बनवणं शिकवलं की झालं, असं मानलं जाण्याच्या काळात ही शाळा मुलांना थेट विद्यापीठाच्या परीक्षेला बसवायची.

इथंच बोनहॅमना बुद्धिबळाचा नाद लागला. शाळेत ती हवाच होती. त्यांच्या थोडं आधी थिओडोर टायलर नावाचा विद्यार्थी याच शाळेतून ऑक्सफर्डला गेला होता. टायलरना जवळपास काहीच दिसत नव्हतं, पण पुढं ते कायद्याचे नामवंत प्राध्यापक झाले. 1933 च्या ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत ते दुसरे आले. पहिला कोण होता माहितीये? पंजाबातून इंग्लंडला गेलेला आपला मीर सुलतान खान. 1936 च्या नॉटिंगहॅम स्पर्धेत तर बोटविनिक, कॅपाब्लांका, अलेखिन, लास्कर असे दिग्गज खेळत होते. त्या 15 जणांत टायलर बारावे आले आणि स्पर्धेतल्या बाकी तिन्ही ब्रिटिश खेळाडूंच्या पुढं राहिले.

बोनहॅमसुद्धा ऑक्सफर्डला गेले, शिकले आणि 1929 मध्ये आपल्याच शाळेत परतले. गणित आणि ब्रेल शिकवायला. मग ते वूस्टरचेच झाले.

आता इथं एक गैरसमज दूर करायला हवा. बऱ्याच जणांना वाटतं, अंध खेळाडू सगळा डाव डोक्यात ठेवून खेळतो. तसं नसतं. पटाकडे न बघता खेळण्याचे प्रयोग डोळस उस्ताद करायचे. 1937 मध्ये जॉर्ज कोल्टानोव्स्की यांनी एडिंबरात एकाच वेळी 34 जणांशी असं खेळून दाखवलं होतं. ती कमाल झाली. पण जो खेळ खेळायला अशी अचाट स्मरणशक्ती लागते, तो साध्या माणसाचा खेळ राहत नाही. अंध खेळाडूला पट 'बघायचा' असतो, फक्त बोटांनी.

त्यासाठीचा पट अगदी साधा असतो. काळी घरं पांढऱ्या घरांपेक्षा किंचित उंच. प्रत्येक घराला मधोमध भोक आणि प्रत्येक सोंगटीला खाली खुंटी. चाचपताना धक्का लागला तरी डाव विस्कटत नाही. एका रंगाच्या सोंगट्यांवर बोटाला कळेल अशी खूण, म्हणजे आपला घोडा कुठला आणि समोरच्याचा कुठला हे लगेच समजतं. घड्याळाचे काटेसुद्धा हात लावून वेळ कळेल असे मजबूत. दर पाच मिनिटांना एक उंच ठिपका, दर पंधरा मिनिटांना दोन.

पण खरी अडचण नियमांत होती. बुद्धिबळात हात लावला की ती सोंगटी चालवावीच लागते. मग ज्याला हात लावल्याशिवाय पटच दिसत नाही, त्यानं करायचं काय? तोडगा असा की सोंगटी भोकातून उपसून काढली तरच तिला 'हात लावला' असं धरायचं. नुसतं चाचपणं म्हणजे बघणं. आणि पट दोन. एकानं चाल मोठ्यानं सांगायची, दुसऱ्यानं ती परत म्हणायची आणि आपल्या पटावर करायची. समोरचा डोळस असला तरी हेच. खेळ तसूभरही सोपा केलेला नाही. प्यादं तसंच चालतं, हत्ती तसाच मारतो आणि वेळ संपली की हार ठरलेली.

पट होता, शाळेत सोबतीही होते. पण शाळा सुटल्यावर काय? गावात एकटाच अंध असलेल्या माणसानं कुणाशी खेळायचं आणि वाचायचं काय? डोळस खेळाडूंना पुस्तकं होती, वर्तमानपत्रांत सदरं होती. अंधांपर्यंत त्यातलं फारसं काही पोहोचत नव्हतं.

1934 मध्ये बोनहॅमनी ब्रेलमधून बुद्धिबळाचं मासिक काढलं. ब्रेलमधली छपाई म्हणजे जाड कागद आणि त्यावर उठवलेले ठिपके. साध्या छपाईत दोन पानांत बसणारा मजकूर ब्रेलमध्ये पसरतच जातो, त्यामुळे एकेक अंक चांगलाच जाडजूड होतो. त्यातून वाचकांना गाजलेले डाव मिळू लागले, नव्या कल्पना कळू लागल्या. आर. डी. वर्मल्ड यांच्यासोबत बोनहॅमनी बुद्धिबळाच्या शंकांना उत्तरं देणारी पुस्तकंही लिहिली. गंमत बघा, अंध मास्तर डोळस खेळाडूंच्या शंका सोडवत होते.

दुसरं हत्यार होतं टपाल. घरी पटावर डाव मांडायचा, एक चाल ब्रेलमध्ये लिहून पाठवायची आणि उत्तराची वाट बघायची. असा एक डाव वर्ष-वर्ष चालायचा. पण त्यासाठी घराबाहेर पडावं लागत नव्हतं, प्रवासाला कुणाची सोबत लागत नव्हती आणि समोरचा माणूस कुठल्याही देशातला असू शकत होता. 1951 मध्ये बोनहॅमनी या टपाली खेळाडूंची आंतरराष्ट्रीय ब्रेल बुद्धिबळ संघटना उभी केली. युद्ध संपून उणीपुरी सहा वर्षं झाली होती. जी माणसं कधी भेटली नव्हती, ती पोस्टमनच्या भरवशावर एकमेकांचे वजीर मारत होती.

सात वर्षांनी यातलेच काही जण राइनब्राइटबाखला समोरासमोर बसले. 1961 मध्ये जर्मनीतच, मेशेडे इथं अंधांचं पहिलं ऑलिंपियाड झालं. ते युगोस्लाव्हियानं जिंकलं.

बोनहॅम स्वतः खेळतच राहिले. अंधांच्या टपाल बुद्धिबळाचं जागतिक विजेतेपद त्यांनी एकापेक्षा जास्त वेळा पटकावलं. आणि फक्त अंधांच्या स्पर्धांत नाही हं. वूस्टरशायर काउंटीच्या खुल्या अजिंक्यपदात डोळस खेळाडूंना हरवून ते कितीतरी वेळा पहिले आले. ब्रिटिश सरकारनं त्यांना एमबीई हा किताब दिला. 16 मार्च 1984 ला वूस्टरमध्येच त्यांचं निधन झालं.

त्यांनी सुरू केलेली संघटना पुढं भारतातही आली. 2006 ची अंधांची जागतिक वैयक्तिक स्पर्धा आपल्या शेजारी गोव्यात झाली. 2012 चं ऑलिंपियाड चेन्नईत झालं. भारतातल्या अंध खेळाडूंच्या महासंघाचा कारभार मुंबईतून चालतो. 2023 च्या हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत पूर्ण अंध पुरुषांच्या गटात सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही तिन्ही वैयक्तिक पदकं भारतीयांनीच आणली. सुवर्ण होतं वडोदऱ्याच्या दर्पण इनानीचं.

या स्पर्धांत चाली कशा सांगतात, तेही ऐकण्यासारखं आहे. बी, सी, डी, ई, जी ही अक्षरं कानाला सारखीच वाटतात, एक चुकीचं ऐकलं तर डाव हातचा जायचा. म्हणून उभ्या ओळींना नावं दिलीत: अ‍ॅना, बेला, सेझर, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव्ह, हेक्टर. आडव्या ओळींचे आकडे जर्मन. राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवायचं असेल तर गोव्याचा असो की पोलंडचा, खेळाडू म्हणतो 'एव्हा फिअर'. समोरचा तेच परत म्हणतो आणि आपल्या पटावरचं प्यादं भोकातून काढून पुढं रोवतो.