नाना फडणवीस आणि रोजकीर्द

मोंढ्यांतील अडत दुकानीं मुनीम दिवसाचा व्यवहार प्रथम रोजकीर्दींत तारीखवार टिपतो, व मग सवडीनें खतावणींत ज्याच्या त्याच्या खातीं चढवितो, हें परभणीच्या मुलांनीं पाहिलें असेल. खतावणी अर्धवट राहिली तरी कीर्द शाबूत असली म्हणजे हिशेब पुन्हां उभा करितां येतो. पेशवाईचें दफ्तर याच शिस्तीवर चाले. तें ज्यांनीं जिवापाड सांभाळिलें, त्या नाना फडणविसांचें चरित्र आम्ही थोडक्यांत सांगतों.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १७४२ सालीं सातारा येथें झाला. फडणिशी घराण्यांतच होती. १७६१ च्या जानेवारींत पानिपतावर सर्वनाश झाला, तेव्हां अठरा वर्षांचे नाना तेथें होते. बरोबरची आई त्या पळापळींत अंतरली. ते स्वतः कसेबसे जीव वाचवून परतले. एका दिवसांत काय काय नाहींसें होतें हें ज्यांनीं असें पाहिलें, त्यांना कागदाचें मोल निराळें सांगावें लागलें नसावें, असें आम्हांस वाटतें.

पुढें थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत फडाचा कारभार त्यांच्या हातीं आला. जमाखर्च, सनदा, हुकूम यांची नोंद रोजच्या रोज कीर्दींत होई. तीवरून खतावणी, आणि वर्षाअखेर ताळेबंद. १७७३ सालीं नारायणरावांचा खून झाला, पुढच्या वर्षीं तान्हें मूल गादीवर आलें, तरी दफ्तर चाललेंच. राजकारणांत नाना कठोर होते व साऱ्यांनाच प्रिय नव्हते. तो विषय मोठा आहे. १३ मार्च १८०० रोजीं ते पुण्यांत वारले. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत दफ्तराची हेळसांड झाली. तरी जें उरलें, त्यावरून १८१८ नंतर इंग्रज अंमलदारांनीं इनामांचे हक्क तपासले.

संगणकांतही हीच युक्ति आहे. फाईल लिहितां लिहितां वीज गेली कीं तबकडीवरील नोंदी अर्धवट राहत, व पूर्वीं सबंध तबकडी तपासण्यांत पुष्कळ वेळ जाई. म्हणून लिनक्स प्रणालींतील एक्स्ट-टू या फाईल-व्यवस्थेस कीर्द जोडण्यांत आली, व ती २००१ सालीं एक्स्ट-थ्री या नांवानें लिनक्सांत दाखल झाली. करावयाचा बदल आधीं कीर्दींत लिहावयाचा, तो पुरा लिहिल्याची खूण करावयाची, मगच मूळ जागीं उतरवावयाचा. वीज परत आल्यावर खूण असलेले बदल पुन्हां चढवितात, नसलेले सोडून देतात. जुनी तबकडी पुसावीही लागली नाहीं. तिच्यावरच कीर्द मांडली. मात्र सामान्यतः ही कीर्द फाईलींच्या जागांचा हिशेब राखते, आंतील मजकुराचा नव्हे. विद्यार्थ्यानें न साठविलेला निबंध ती परत देणार नाहीं.