आर्थर वेलस्लीचा विवाह

मराठी वाचकाला आर्थर वेलस्ली परिचित आहे तो वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या गादीवर पुन्हा आणून बसविणारा आणि असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा सेनानी म्हणून. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरविणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. त्याच्या लष्करी चरित्राविषयी विपुल लिहिले गेले आहे. परंतु त्याच्या विवाहाची कथा आयर्लंडमध्ये सुरू होऊन म्हैसूर आणि दख्खनच्या मुलखातून पुन्हा आयर्लंडला पोहोचते, हे आपल्याकडे क्वचितच कोणी लक्षात घेतो. इंग्रजी कादंबरीच्या अभ्यासकाला तर ही कथा विशेष विचार करायला लावणारी आहे.

आर्थरचा जन्म १७६९ मध्ये एका आंग्ल-आयरिश सरदार घराण्यात झाला. वडील अर्ल ऑफ मॉर्निंग्टन हे संगीताचे जाणकार होते. ते १७८१ मध्ये वारले, तेव्हा घरावर कर्ज होते. थोरला भाऊ रिचर्ड हुशार निघाला; आर्थर मात्र मठ्ठ मानला गेला. व्हायोलिन वाजविणे एवढाच त्याचा गुण दिसत होता. लष्करात घालावे, याखेरीज त्याच्या आईला दुसरा मार्ग सुचला नाही. डब्लिनच्या किल्ल्यात राजप्रतिनिधीचा अंगरक्षक अधिकारी म्हणून राहत असता त्याची कॅथरीन पॅकेनहॅम हिच्याशी ओळख झाली. तिला सर्वजण किटी म्हणत. १७९३ च्या सुमारास त्याने तिला मागणी घातली. पित्याच्या मृत्यूनंतर घरचा कर्ता झालेल्या तिच्या भावाने ती नाकारली. धाकट्या मुलाजवळ ना जमीन ना पैसा, वर कर्ज. अशाला बहीण देणे कुटुंबाच्या कर्तव्याला सोडून होते. किटीने भावाचा शब्द मानला. आर्थरने आपली व्हायोलिने जाळून टाकली, असे सांगतात. त्याने तिला एक पत्र लिहिले आणि आपली परिस्थिती पालटली तर आपले मन तेच राहिलेले असेल, अशा अर्थाचे वचन त्यात दिले. या एका पत्राने दोघांना बारा वर्षे बांधून ठेवले.

१७९७ च्या आरंभी तो कलकत्त्यास उतरला. पुढच्याच वर्षी रिचर्ड गव्हर्नर-जनरल होऊन आला आणि धाकट्या भावाचे दैव फिरले. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि शहराचा कारभार आर्थरकडे आला. म्हैसूरच्या पश्चिमेला असलेल्या बोगादीहून श्रीरंगपट्टणास जाणाऱ्याने दर्या दौलत पाहिल्याखेरीज परतू नये. त्या टिपूच्या उद्यानमहालात वेलस्ली राहिला. इंग्रजांच्या पोल्लिलूर येथील पराभवाचे भित्तिचित्र पुसट झाले होते, ते त्यानेच पुन्हा रंगवून घेतले. स्वजनांच्या पराभवाचे चित्र जतन करणारा हा मनुष्य स्वतःच्या भावनांविषयी मात्र जन्मभर अबोल राहिला.

ज्याला इंग्रजी वाङ्मयेतिहासात रीजन्सीचा काळ म्हणतात तो १८११ ते १८२० चा. म्हैसूरला त्याच्या बारा वर्षे आधीच अशी व्यवस्था आली होती. ३० जून १७९९ रोजी पाच वर्षांच्या कृष्णराज वाडियारांना गादीवर बसविण्यात आले आणि दिवाण पूर्णय्यांनी राजा वयात येईपर्यंत राज्य सांभाळले. ही घडी बसविणाऱ्या आयोगात आर्थर होता. १८०० मध्ये त्याने धोंडजी वाघाचा पाठलाग करून त्याला ठार मारले. त्याच्या गोटात सापडलेल्या सलाबतखान या लहानग्या मुलाचा सांभाळही त्यानेच केला आणि देश सोडताना त्याच्यासाठी पैसे ठेवले.

नंतर १८०३ मध्ये अहमदनगर, २३ सप्टेंबरला असई, मग अडगाव, गाविलगड. एकट्या असईत त्याच्या सैन्यातले दीड हजारांवर लोक ठार वा जायबंदी झाले. मराठ्यांकडील हानी त्याहून कितीतरी मोठी होती. १८०५ मध्ये त्याने भारत सोडला तेव्हा लुटीतील वाट्यासह त्याच्याजवळ सुमारे ४२,००० पौंड जमले होते. डब्लिनमध्ये नाकारलेला वर स्वीकारार्ह ठरला तो या द्रव्यावर, आणि ते आले श्रीरंगपट्टण व दख्खनमधून. प्रेमकथा सांगताना हा हिशेब गाळणे मला योग्य वाटत नाही.

या काळात दोघांचा प्रत्यक्ष पत्रव्यवहार नव्हता. ऑलिव्हिया स्पॅरो ही किटीची मैत्रीण मध्यस्थ होती. तिच्याकरवी किटीस कळले की आर्थर आपला शब्द विसरलेला नाही. दरम्यान गालब्रेथ लोरी कोल या उमद्या अधिकाऱ्याने किटीला मागणी घातली होती. जुन्या वचनाचे भान येताच तिने त्याला दूर केले. तिची प्रकृती ढासळली, रूप कोमेजले. आर्थर परतला तेव्हा किटी वाट पाहत असल्याचे ऑलिव्हियानेच त्याला सुचविले. त्याने पत्राने मागणी घातली. आपण पूर्वीची राहिलो नाही, आधी येऊन पाहावे, असे किटीने प्रांजळपणे कळविले. तो आला नाही. १० एप्रिल १८०६ रोजी डब्लिनला विवाहप्रसंगीच त्याने तिला इतक्या वर्षांनी पाहिले. तिच्या बदललेल्या रूपाविषयी तो पौरोहित्य करणाऱ्या आपल्या भावाच्या कानी कठोर बोलल्याची कौटुंबिक आठवण आहे.

जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेजन’ ही कादंबरी १८१७ च्या अखेरीस निघाली. घरच्यांच्या व्यवहारी सल्ल्याने नाकारलेला तरुण युद्धातून पैसा आणि कीर्ती मिळवून आठ वर्षांनी परततो, हेच तिचे सूत्र. ऑस्टिनने वेलस्लीवरून ती रचली असे म्हणण्यास आधार नाही. त्या समाजात अशा घटना घडतच असत. पण कादंबरीतील नायक नायिकेला पुन्हा पाहतो, तिच्या सहवासात राहतो, रागावतो आणि मग नव्याने प्रेमात पडतो. वेलस्लीने ही मधली पायरीच गाळली. त्याने वचन पाळले. ज्या स्त्रीला वचन दिले होते तिची मात्र त्याने नव्याने ओळख करून घेतली नाही. किटीनेही, मला वाटते, भावाच्या आज्ञेइतक्याच निष्ठेने जुन्या पत्राची आज्ञा पाळली.

संसार सुखाचा झाला नाही. दोन मुलगे झाले. किटीने घरखर्चाचे पैसे आपल्या माहेरच्यांना दिले आणि दुकानदारांची देणी नवऱ्यापासून लपविली. ते उघडकीस आल्यावर त्याचा विश्वास कायमचा उडाला. त्याच्या बाजूनेही सारे उघड नव्हते. श्रीरंगपट्टणातील तोफखान्याच्या कॅप्टन फ्रीझची पत्नी इझाबेला हिच्याशी त्याचे सख्य होते आणि तिचा मुलगा आर्थर हा त्याचा धर्मपुत्र. तो त्याचाच मुलगा, अशी कुजबुज होती. ती सिद्ध झालेली नाही. १८०७ मध्ये हा मुलगा इंग्लंडला पाठविण्यात आला आणि किटीने त्याला ममतेने वाढविले. पुढे दिराच्या मोडलेल्या संसारातील मुलगा जेराल्ड, ज्याच्या पितृत्वाविषयी वाद होता, तोही तिच्याच छायेत मोठा झाला. या बाईच्या भोळेपणाची थट्टा करणाऱ्यांनी तिचे हे औदार्य फारसे जमेस धरलेले नाही. अपवाद म्हणून कादंबरीकार मारिया एजवर्थचे नाव घेतले पाहिजे. ती शेजारच्या गावची, किटीची जुनी स्नेही.

स्पेनच्या युद्धात वेलिंग्टनच्या हाताखालच्या सेनापतींत किटीचा भाऊ एडवर्ड होता आणि लोरी कोलही. कोलने जून १८१५ मध्ये लग्न केले आणि त्यापायी त्याची वॉटर्लूची लढाई हुकली.

ड्यूक १८२८ ते १८३० पंतप्रधान होता. पतिपत्नी एका छताखाली परक्यासारखी राहत. एप्रिल १८३१ मध्ये किटी अत्यवस्थ झाली तेव्हा तो तिच्या उशाशी बसून राहिला. तिने त्याच्या बाहीत बोटे घालून, आपण कधीकाळी दिलेला ताईत दंडावर आहे का ते चाचपले, असे सांगतात. तो होता. इतकी वर्षे तिने कधी शोधला असता तर तो तिला तिथेच सापडला असता, असे त्याने पुढे एका परिचित स्त्रीजवळ बोलून दाखविले. २४ एप्रिलला किटी गेली. तिसऱ्या दिवशी संसदसुधारणेसाठी खवळलेल्या लंडनच्या जमावाने ॲप्सली हाउसच्या खिडक्या दगडांनी फोडल्या, तेव्हा तिचा देह आतच होता. ड्यूकने पुन्हा लग्न केले नाही. १४ सप्टेंबर १८५२ रोजी तो वॉल्मरच्या किल्ल्यात वारला.